आमच्या फाटकापुढचा गाडा

२८ जून, शनिवार
सकाळी फिरणे ५ कि.मी. बी.पी. १४०/९०. गोळी घेतली.

पाटलांचा खोंड गेला. लम्पी. गावातलं हे तिसरं जनावर. गेल्या आठवड्यात मी स्वतः जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन गल्लोगल्ली हिंडलो, लस टोचून घ्या म्हणून हात जोडले. निम्म्यांनी गोठ्याची दारं लावून घेतली. आणि आज देवळात बैठक! ठराव काय, तर मंगळवारी मरीआईचा गाडा काढायचा. देवीला छोट्या लाकडी गाड्यात बसवायचं, गावची रोगराई तिच्याबरोबर ओढत शिवेवर नेऊन सोडायची. तिथून पुढच्या गावानं गाडा घ्यायचा आणि त्यांच्या शिवेवर सोडायचा. असं गावोगाव. म्हणजे आपलं दुखणं शेजाऱ्याच्या दारात. वा रे वा!

उठून बोललो. हौसाक्का (ऐंशीच्या पुढची, गाड्याचं सगळं तिच्याकडं असतं) म्हणाली, "मेजर, लस बी टोचा आन् गाडा बी काढा. दोनीचं काय भांडान हाय का?" सगळे फिदीफिदी हसले. सव्वीस वर्षं फौजेत काढून नायब सुभेदार म्हणून घरी आलो, पण इथं फौजेतला प्रत्येक जण मेजर. तेही सांगून दमलो.

१ जुलै, मंगळवार
दु. १२ ला हलगी वाजत गाडा आला आणि थेट माझ्या फाटकापुढं सोडला. शिवेचा दगड नेमका माझ्या फाटकाच्या खांबाला लागून. घर बांधताना याच दगडाचं मला कौतुक होतं, गावातलं शेवटचं घर आपलं म्हणून.

गाडा दीड हात लांब. लिंबाच्या लाकडाची चार चाकं. आत शेंदूर फासलेली बाहुली, हिरवा चुडा, खण, दहीभात, लिंबं. एक जिवंत कोंबडी सोडली, ती कंपाउंडच्या भिंतीवर चढून बसली. सगळे मागं न बघता चालते झाले. सौ. खिडकीच्या पडद्याआडून हात जोडून उभी. मी म्हटलं, बाहेर येऊन जोड की, लाजतेस कशाला.

उद्या खालची भोकरवाडी गाडा घेऊन जाईल. एक दिवसाचा प्रश्न.

२ जुलै
नाही आले.

३ जुलै, गुरुवार
आज पण नाही. दरवेळी म्हणे भोकरवाडीच्या पाच बायका घागरी घेऊन सामोऱ्या येतात, चाकांवर पाणी घालतात आणि दोरी धरतात. गाडा तिथंच. दहीभाताला वास. कोंबडी आता व्हरांड्यात.

४ जुलै, शुक्रवार
भोकरवाडीच्या सरपंचाकडं गेलो. अनिकेत. तिशीतला, शिकलेला, पांढरा शर्ट. म्हणाला, "आमच्या ग्रामसभेनं ठराव केलाय सर, गाडा घ्यायचा नाही. अंधश्रद्धा बंद." मी खुर्चीतून उठून हात मिळवला. म्हटलं, शाब्बास, असं कोणीतरी पाहिजे होतं. मग तो गाडा उचलून फेकून द्या.
"ते कसं जमेल सर? तो तुमच्या हद्दीत आहे."

तिथून तसाच आमच्या सरपंचाकडं. ते म्हणाले, "मेजर, आमी तर शिवंवर सोडला. सोडला म्हणजे आता आमचा न्हाई."
यांचा नाही, त्यांचा नाही. मग काय माझा? येताना रागाच्या भरात बटाटे आणायचे राहिले.

७ जुलै, सोमवार
नवीनच बिलामत. रस्त्यानं जाणारे लोक थांबायला लागलेत. काल एका ट्रकवाल्यानं नारळ फोडला. आज फाटकाच्या कडीला कुणीतरी हिरव्या बांगड्या अडकवल्या. सकाळी मोजली, अकरा लिंबं. एक बाई मलाच विचारते, "पुजारी तुमीच का?"

दूधवाला फाटकाशी येत नाही. किटली वळणावर ठेवतो आणि तिथूनच ओरडतो. कुरियरवाल्यानं पार्सल परत नेलं.

९ जुलै, बुधवार
मलकापूरच्या ओळखीच्या जेसीबीवाल्याला बोलावलं. आला, मशीन बंद केलं, खाली उतरून गाड्याच्या पाया पडला आणि निघून गेला. बीटच्या जमादारांना फोन केला. तेही आले. पाहणी केली. "गुन्हा काय लावायचा, सुभेदारसाहेब?" जाताना टोपी काढून नमस्कार. तो मला नव्हता.

गावातल्या दोघा-तिघा जवान पोरांना विचारलं, जरा ओढत नेऊन पुढं सोडा. एकाचं लग्न ठरलंय. एकाची बायको गरोदर. तिसऱ्याची म्हैस आजारी. लस घेतली का म्हणून विचारलं, तर नाही!

१० जुलै
काडेपेटी आणि रॉकेल घेऊन भर दुपारी फाटकाशी गेलो. जाळून टाकतो, विषय संपला. सौ. पायरीवर येऊन बसली. आवाज चढवला नाही, रडली नाही. "आदी मला म्हायेरला सोडून या, मग लावा काडी." पस्तीस वर्षांच्या संसारात ही धमकी पहिल्यांदा. रॉकेल परत ठेवलं.

११ जुलै, शुक्रवार
आज खरं काय ते कळलं.

स्वातीला (आमची मुलगी, तासगावला दिलीय, आता आठवा सरून नववा लागेल) परवा आणायला जायचं ठरलं होतं. कराडच्या दवाखान्यात नाव घातलंय. मागची खोली रंगवून तयार आहे. सौ. म्हणाली, "त्या गाड्यापुढनं माज्या लेकीला मी आत आणायची न्हाई." मी समजावलं. ओरडलो. ती भांडी घासत राहिली.

संध्या. विहीणबाईंचा फोन. "आमच्या कानावर आलंय. राहू द्या. बाळंतपण हितंच करतो. तासगावात काय डॉक्टर न्हाईत?" गोड आवाजात. फोन आपटला. रागानं. बी.पी. बघितलं नाही.

१३ जुलै, रविवार
एरवी इथं असलं लिहीत नाही. पण आज लिहितो.

स्वाती झाली तेव्हा मी पोस्टिंगवर. तार मिळाली नवव्या दिवशी. पोरगी पहिल्यांदा हातात आली ती सात महिन्यांची होऊन, आणि माझी मिशी बघून जी किंचाळली की सौ.च्या खांद्याला चिकटली ती चार दिवस. थोरला मुलगा झाला तेव्हाही तेच. मोठं लेकरूच आयतं मिळालं मला, दोन्ही वेळा. तान्हं पोर कसं धरतात ते मला माहीत नाही. वय एकसष्ट आणि माहीत नाही. हे घर, ही मागची खोली, छताला पाळण्याचा हुक, सगळं यासाठी. आणि आता एका लाकडाच्या खेळण्यापायी पोरीचं बाळंतपण तासगावला! ह्या लोकांना काही...

जाऊ दे.

१५ जुलै, मंगळवार
ठरलं. गाडा मीच ओढणार.

सौ.ला सांगितलं. ती हौसाक्काला घेऊन आली, "करायचं तर नीट करा" म्हणून. म्हातारीनं चहा घेतला, दोन बिस्किटं खाल्ली आणि कायदा सांगितला. अनवाणी जायाचं. भोकरवाडीतनं पार पलीकडच्या वड्यापातूर न्यायाचा. त्वांडातनं शब्द काढायचा न्हाई. मागं वळून बगायचं न्हाई. एवढ्यावर मी हो म्हणालो, ड्रिलमध्ये यापेक्षा कडक असतं. मग म्हातारी म्हणाली, "आन् वढणाऱ्यानं सव्वा म्हयना बाळंतिणीच्या खोलीत पाय टाकायचा न्हाई. तान्ह्या ल्येकराला हात लावायचा न्हाई."

मी हसलो. चांगला मोठ्यानं हसलो. सौ. मात्र हसली नाही. "आवं, इचार करा. नातवंडाला हात लावता यायचा न्हाई."
"मी मानतो का हे?"
"मानत न्हाई न्हवं? मग झालं की."
तेच म्हणतो मी. जो मानत नाही त्याला कसला नियम? गाडा म्हणजे लाकूड. लाकूड उचलून दुसरीकडं ठेवायचं.

१८ जुलै, शुक्रवार
नेला. पाय सोलपटलेत. क्रमवार लिहितो.

११.४० ला निघालो. दोरी सुंभाची, हाताला काचते. भोकरवाडीच्या कमानीशी आलो तर काय, पंधरा-वीस बायका घागरी घेऊन उभ्या! अंधश्रद्धा बंद केलेलं गाव! चाकांवर पाणी, माझ्या पायांवर पाणी, हळदकुंकू. सगळ्यात पुढं सरपंचाची आई. तिनं दहीभात ठेवला आणि म्हणाली, "आमच्या अनिकेतचं मनावर घिऊ नगा, दादा. दोन-अडीच हप्ते जीव टांगणीला लागलाय आमचा, आई दारात आन् तिला घ्यायाला कुणी न्हाई." अनिकेत ग्रा.पं.च्या पायरीवर मोबाईल धरून उभा. आईनं बघितलं तसा मोबाईल खिशात. मला त्याला दोन शब्द सुनवायचे होते. पण बोलायचं नव्हतं. त्या एका गोष्टीचा फार त्रास झाला.

शाळेपाशी मागचं डावं चाक निखळलं. खुंटी सापडेना. खुणेनं दगड मागितला, लोक पाणी देतात. पुन्हा खूण, तर नारळ देतात. शेवटी स्वतःच धुंडाळून दगडानं ठोकलं.

ओढ्यापलीकडं गाडा ठेवला. दोरी सोडली. परत फिरलो.

मागं बघितलं नाही. मान अवघडली होती.

१९ जुलै
कंपाउंड धुतलं. लिंबं गोळा करून खड्ड्यात पुरली. कोंबडी सौ.नं ठेवून घेतली, अंडी देते म्हणे. दूधवाला फाटकापर्यंत आला. बी.पी. १३०/८४. लाकूड हललं, प्रश्न मिटला. लस घेतलेली जनावरं ठणठणीत आहेत, हेही इथं नोंदवून ठेवतो.

२२ जुलै, मंगळवार
स्वाती आली! जावई गाडीनं सोडून गेले. पोरीचा चेहरा सुजलाय, पण खुशीत. माझा गाडा ओढतानाचा व्हिडिओ तिच्या सासरच्या ग्रुपवर पोचला म्हणे. "पप्पा, तुम्ही? अनवाणी?" पोट धरून हसली. म्हटलं, तुझ्यासाठी ओझं हलवलं, बास. सव्वा महिन्याचं मी काही बोललो नाही. सौ. पण नाही. बोलण्यासारखं आहे काय त्यात?

२६ जुलै
माझी कॉट बाहेरच्या पडवीत टाकली. मी घोरतो, पोरीची झोपमोड नको. हे कारण खरं आहे.

५ ऑगस्ट, मंगळवार
मुलगी. स. १०.२०. दोन किलो आठशे. दोघी सुखरूप.

जावई पेढे आणायला गेले. मी वॉर्डाबाहेर बाकड्यावर. नर्सबाई कपड्यात गुंडाळून बाहेर घेऊन आल्या, "घ्या आजोबा." मी उभा राहिलो. म्हणालो, हात खराब आहेत. त्यांनी सॅनिटायझरची बाटली दाखवली. म्हणालो, सर्दी आहे. "मग मास्क लावा, तिथं आहेत," म्हणाल्या आणि आत गेल्या.
सर्दी नव्हती.

लांबून बघितली. कपाळ स्वातीचं. डोळे घट्ट मिटलेले.

६ ऑगस्ट
आज सर्दी आहे असं सगळ्यांना सांगावं लागलं. एकदा सांगितलं की निभवावं लागतं. सौ.नं न विचारता काढा करून दिला. प्यायलो. कडू जहर.

८ ऑगस्ट, शुक्रवार
घरी आणली. सौ.नं भाकरतुकडा ओवाळून टाकला. सगळे मागच्या खोलीत. मी बाहेर पाण्याच्या टाकीचा कॉक दुरुस्त करत बसलो. कॉक चांगला होता. आता गळतोय.

पाळणा हुकाला अडकवायचा होता. तोही मी जावयाला सांगितला. दारातून सूचना दिल्या. उंबऱ्याच्या अलीकडून. जावई म्हणाले, "पप्पा, आत येऊन दाखवा ना." म्हटलं, गुडघा.

११ ऑगस्ट, सोमवार
हौसाक्का बाळाला न्हाऊ घालायला येते. आज परत निघाली तेव्हा पडवीत गाठली. सहज म्हणून विचारलं, तो सव्वा महिन्याचा नियम कुणी काढला?
"माज्या सासूनं सांगितल्याला. तवा पटकी याची. गाडा वढणारा घरोघरच्या आजाऱ्याची चिरगुटं गाड्यात घालून न्यायाचा. त्योच घरी रोग घिऊन यील म्हणून लांब ठिवायचं."
मी टाळीच वाजवली. म्हणजे क्वारंटाईन! साधी आरोग्याची गोष्ट! आता पटकी (कॉलरा) नाही, चिरगुटं नाहीत. लम्पी माणसाला होत नाही. म्हणजे नियमाला आधारच राहिला नाही.
म्हातारी म्हणाली, "व्हय की. जावा की मग आत."

दारापर्यंत गेलो. पडदा बाजूला केला. धुरीचा वास, पाळणा हलतोय, एक मूठ वर आलेली. एवढीशी. उजवा पाय उचलला होता.
मग मोटार चालू करायची आठवण झाली.

१२ ऑगस्ट
माझ्यावरच चिडचिड होतेय. मला काय झालंय? मी कुणाला भितो? दीड हात लाकडाला? गावाला अक्कल शिकवणारा मी. समजा गेलो आत, आणि समजा पोरीला साधा ताप आला, तर

लिहायला नको होतं हे.

१४ ऑगस्ट, गुरुवार
आज सौ. पडवीत आली, हातातलं सूप खाली ठेवलं आणि बोलली. स्वाती दोन दिवस रडतीय. तिला वाटतंय, मुलगी झाली म्हणून पप्पांनी तोंड फिरवलंय. पेढे वाटताना माझा चेहरा पडलेला होता म्हणे. सासरी कुणी काही बोललं नाही, आणि माहेरी बाप सहा-सात दिवस खोलीत येत नाही. बारसं झालं की ती तासगावला परत जाणार. जावयांना गाडी घेऊन यायला सांगून टाकलंय.

 मुलगी झाली म्हणून? मी? ही पोर माझ्याबद्दल असं... म्हटलं, तू सांग ना तिला खरं काय ते.
सौ. म्हणाली, "मी काय सांगू? माजा नवरा गाड्याला भितो म्हणून? तुमीच सांगा."
"तू मानतेस. तू सांगितलंस तर चालेल."
"मी मानते, पण मी तुमास्नी एका शब्दानं आडवलं का? लेकीला आणायची तेवढीच माजी अट हुती. ती तुमी पुरी केली. आता आत जावा न्हाईतर बाहेर बसा, पण पोरीला रडवू नगा."

 मी उगाच तिच्यावर ओरडलो. ती सूप उचलून गेली.

१५ ऑगस्ट, शुक्रवार
शाळेत झेंडावंदन. माजी सैनिक म्हणून भाषण केलं. विषय मुख्याध्यापकांनीच दिलेला, वैज्ञानिक दृष्टिकोन. टाळ्या पडल्या. घरी येताना वाटेत जीव नकोसा झाला.

ठरवून आलो होतो, स्वातीला सगळं सांगायचं. पडद्याबाहेर उभा राहून हाक मारली. "काय पप्पा?" म्हणाली. आवाज कोरडा.
म्हणालो, पंखा नीट चालतोय का?
"चालतोय."

सव्वा महिना सरायला अजून नऊ-दहा दिवस. ती उद्या जाणार.

१६ ऑगस्ट, शनिवार
बारसं. नाव ठेवलं ओवी. बायकांचा गोंधळ आटोपला, जेवणं झाली. जावयांची गाडी फाटकाशी उभी आहे, सामान भरतायत. मी पडवीत.

दु. ३ ला स्वाती स्वतः बाहेर आली. डोक्याला रुमाल, अंगावर शाल, हातात पोर. सौ. मागं दारात. स्वाती म्हणाली, "पप्पा, आईनं सांगितलं मला. आत्ताच. मला हसू आलं आणि मग रडू आलं. एवढंच होतं तर बोलायचं होतंत." मी कॉटवरून उठलो. ती म्हणाली, "तुम्ही आत येऊ नका. खोलीचा नियम मोडायला नको. मीच बाहेर आलेय. आता फक्त हात लावायचा राहिला. तो लावायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. नाही लावलात तरी मी रागावणार नाही. पण मला कळायला पाहिजे."

आणि पोर पुढं केली. झोपलेली. तोंडातून दुधाचा फेस.

मी म्हणालो, हात धुऊन येतो.

धुतले. साबण लावून दोनदा. पुसले. टॉवेल जागेवर टांगला. आणि पुढच्या खोलीत येऊन ही वही उघडून बसलोय, काय लिहावं म्हणून. हात ओले नाहीत, तरी शाई फुटतेय. बाहेर जावई हळू आवाजात म्हणतायत, "निघायचं का?" आणि स्वाती म्हणते, "थांबा, पप्पा हात धुतायत."